गाणं आपलं, गळा दुसऱ्याचा

स्वतः लिहिणाऱ्या, चाली लावणाऱ्या, गाणाऱ्या आणि आता इतरांसाठीही गाणी देऊ लागलेल्या खान्देशातल्या वाचकांची बरीच पत्रं या वेळी आली. धुळे-नंदुरबारची अहिराणी गाणी गावाबाहेर ऐकली जाऊ लागल्यापासून हे प्रश्न वाढले आहेत. एकाच अर्थाची पत्रं एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न: मी अहिराणीत लिहितो, चाली लावतो आणि गातोही. एका कंपनीला माझं एक गाणं दुसऱ्या गायिकेच्या आवाजात करायचं आहे. एकरकमी सात हजार देतात, आणि कागदावर ‘सर्व हक्क कायमस्वरूपी, जगभरासाठी’ असं लिहिलं आहे. सही करू का? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर: दादा, त्या कागदावर ‘सर्व हक्क’ असं एकच गाठोडं बांधलेलं आहे. ते आधी सोडून बघा. एका गाण्यात कायद्याच्या नजरेने वेगवेगळ्या वस्तू असतात. शब्द ही साहित्यकृती, तिचे मालक तुम्ही. चाल ही संगीतकृती, तिचेही मालक तुम्हीच. रेकॉर्डिंग ही तिसरी वस्तू, आणि ते ज्याने पैसे घालून करवून घेतलं तो निर्माता तिचा मालक. गायिकेचा गायनाचा हक्क चौथा. कंपनीला गाणं बाजारात आणायला तुमच्या शब्दांचा आणि चालीचा वापर हवा असतो, आणि तो मागणं रास्तच आहे. पण वापराची परवानगी वेगळी आणि मालकी देऊन टाकणं वेगळं.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली जी दुरुस्ती झाली, ती तुमच्यासारख्यांसाठीच होती. तिच्यानुसार रेकॉर्डिंगमध्ये किंवा चित्रफितीत वापरलेल्या शब्दांचा आणि चालीचा मालकीहक्क तुम्ही लिहून दिलात, तरी पुढे मिळणाऱ्या रॉयल्टीतला निम्मा वाटा तुमच्याकडेच राहतो. तो फक्त वारसांना किंवा नोंदणीकृत कॉपीराइट सोसायटीला देता येतो. कंपनीला ‘मी रॉयल्टी सोडली’ असं लिहून दिलं, तरी ते कलम टिकत नाही. म्हणजे सात हजार ही गाणं द्यायची रक्कम झाली. तिने रॉयल्टी संपत नाही.

आता कागदात काय बदलून घ्यायचं ते बघू. कायद्याला हस्तांतरण लेखी आणि सहीचं लागतं. त्यात कोणतं गाणं, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि किती मोबदला हे लिहावं लागतं. काळ लिहिला नसेल तर तो पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणून तर छापील कागदात ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द आधीच बसवलेले असतात. तुम्ही ‘पाच वर्षं’ मागा. घासाघीस होऊन सात-दहावर आलं तरी चालेल. ‘आज असलेली आणि पुढे येणारी सर्व माध्यमं’ अशी ओळ असेल तर तिचा दुसरा भाग खोडा. करारात स्पष्ट उल्लेख नसेल, तर करारावेळी अस्तित्वात नसलेल्या माध्यमाचा हक्क कायद्याने कंपनीकडे जात नाही. ती ओळ त्याच पळवाटेसाठी घातलेली असते. कंपनीने वर्षभर गाणं वापरलंच नाही तर हक्क तुमच्याकडे परत येतो, पण करारात याउलट लिहिलं असेल तर येत नाही. तेव्हा तसं काही लिहिलेलं नाही ना, ते शोधून बघा.

आणखी एक ओळ हातानेच लिहा: ‘हे गाणं मी स्वतः कार्यक्रमात गाईन आणि माझ्या आवाजात वेगळं रेकॉर्ड करीन.’ गाणाऱ्या गीतकाराचं सगळ्यात मोठं नुकसान ही ओळ नसल्याने होतं. आपलंच गाणं आपल्या चॅनेलवर टाकलं की कंपनीचा दावा येतो, आणि कागद बघितला तर दावा बरोबर असतो.

तोंडी बोलण्याने किंवा पैसे घेतल्याने मालकी जात नाही, सहीने जाते. मोबदल्यावर लिहून दिलेली गाणी, नोकरीत नसाल तर, लिहिणाऱ्याचीच राहतात. तेव्हा घाईत सही करू नका. कागद घरी आणा, रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचा.

प्रश्न: मी काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून) गाते. एका गायकाने माझ्याकडून गाणं मागितलं. मी चाल करून पाठवली तर मुखडा त्याला चढत नाही, आणि खाली आणला तर अंतरा बुडतो. त्याच्यासाठी पूर्ण नवी चाल करावी लागेल का? (एक वाचक, शिरपूर)

उत्तर: ताई, बहुतेक वेळा नवी चाल लागत नाही, पण नुसती पट्टी बदलूनही भागत नाही. पुरुष गायक साधारण पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास गातात. तुमच्या काळी चारमधलं गाणं काळी एकमध्ये न्यायचं तर सात अर्धस्वर, म्हणजे पेटीच्या काळ्या-पांढऱ्या मिळून सात पट्ट्या, खाली येतं. तुमच्या चालीचा पल्ला मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापासून तार (वरच्या सप्तकातल्या) गंधारापर्यंत असेल, तर त्याला वरचा गंधार ताणावा लागतो आणि खालचा पंचम माईकवर नुसता घरघरतो. दोन्ही टोकं एकदम सांभाळायला गेलं की तुम्ही लिहिलंय तसंच होतं.

म्हणून चाल करण्याआधीच गायकाकडून तीन स्वर मागवा. तानपुरा लावून फोनवर रेकॉर्ड करून पाठवायला सांगा: सगळ्यात खालचा स्वर, जिथे शब्द स्पष्ट कळतो; सगळ्यात वरचा, जो मोकळ्या गळ्याने लागतो; आणि तो स्वर, जिथे आवाज पातळ व्हायला लागतो. तिसरा स्वर सांगायला गायक लाजतात, पण खरं काम त्याचंच असतं. मुखड्याचा सगळ्यात वरचा स्वर त्या जागेच्या किमान एक स्वर खाली ठेवा, कारण मुखडा गाण्यात सहा-आठ वेळा येतो आणि कार्यक्रमात त्याहून जास्त. अंतऱ्यात एकदा वर जाऊन यायला हरकत नाही. एकूण पल्ला सव्वा सप्तकात बसवला तर ते गाणं उद्या तिसऱ्या गळ्यालाही देता येतं. हळदीचं किंवा वरातीचं गाणं असेल तर लोक मागे गातात. तिथे मुखडा मध्य सप्तकातच, सा ते ध यांच्यामध्ये ठेवा.

पट्टीइतकाच महत्त्वाचा आहे स्वरावर पडणारा वर्ण. तार सप्तकात ‘आ’, ‘ओ’, ‘ए’ उघडे लागतात. ‘ई’ आणि ‘ऊ’वर पुरुषाचा गळा आवळतो. तुमच्या गळ्यात सुंदर लागणारी ‘ई’ त्याच्याकडे किरकिरी होते, मग आपण चालीला दोष देतो. शब्दाची जागा बदलून बघा, पुष्कळदा स्वर न बदलता काम होतं.

अहिराणीत आणखी एक अडचण आहे. वर्तमानकाळाची क्रियापदं ‘स’वर संपतात: करस, जास, येस. ओळीच्या शेवटी दीर्घ स्वर लावायचा आणि तिथे ‘येस’ आलं, तर गायक ‘ये’वर थांबतो आणि ‘स’ गिळतो, किंवा तो ‘स’ साप फुसकारल्यासारखा माईकमध्ये शिरतो. क्रियापद ओळीच्या पोटात घ्या आणि शेवटाला ‘शे’, ‘ऱ्हायना’ असे स्वरांवर उघडणारे शब्द येऊ द्या. ही बोली मुळात गायला फार गोड आहे, तिच्या शेवटाची काळजी घेतली की झालं.

वेगही मोजा. मिनिटाला १२० ठोके असतील तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा. एका ठोक्यात चार अक्षरं कोंबली की सेकंदाला आठ अक्षरं होतात, आणि जोडाक्षर असेल तर शब्द फुटतोच. ठोक्याला दोन, फार तर तीन अक्षरं ठेवा.

प्रश्न: पुण्याच्या गायिकेला अहिराणी गाणं द्यायचं आहे. तिला बोली येत नाही. काय काय पाठवू? (एक वाचक, साक्री)

उत्तर: नुसते बोल लिहून पाठवलेत तर ती ‘डोया’ला ‘डोळा’ म्हणेल आणि ‘शे’ला ‘आहे’, तिला वाटेल छापताना चूक झाली. बोलांची तीन रूपं द्या: उच्चारतात तसं लिहिलेलं, त्याखाली प्रमाण मराठीत अर्थ, आणि तुमच्या आवाजात नुसतं संथ वाचन, चालीशिवाय. ‘मन्हा’ (माझा) मधला ‘ह’ सांडला तर बाहेरच्याला ‘मना’ ऐकू येतं आणि तो ‘मनाला’ असा अर्थ घेतो. काही गावांत मुळातच ‘मना’ म्हणतात, हे खरं. कोणतं रूप घ्यायचं ते लिहिताना ठरवा आणि गाणंभर तेच ठेवा. एका अंतऱ्यात धुळ्याकडचं आणि दुसऱ्यात यावल-रावेरकडचं लेवा गणबोलीचं रूप आलं, की दोन्हीकडचे लोक ते परकं समजतात.

गाण्याबरोबर तुमच्या आवाजातला स्क्रॅच (नमुन्यादाखल केलेलं कच्चं रेकॉर्डिंग), त्याशिवाय फक्त चाल वाजवलेली फाइल, वेगाचा आकडा, पट्टी आणि कागदावर श्वासाच्या खुणा द्या. फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही. व्हॉट्सअॅपवर ऑडिओ म्हणून पाठवू नका, तो दाबला जातो; डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हवरून पाठवा. सगळ्या फाइली शून्यापासून सुरू झाल्या पाहिजेत. स्क्रॅच चौथ्या सेकंदाला आणि ट्रॅक पहिल्याला सुरू होत असेल, तर तिकडचा रेकॉर्डिस्ट अंदाजाने जुळवतो आणि तुमची समेची जागा सरकते. स्क्रॅच घरीच करा: पंखा बंद, मागे गोधडी किंवा गादी उभी, माईक तोंडापासून एक वीत लांब, पातळी उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ द्यायची नाही. स्क्रॅच फार सजवून गाऊ नका. तुमच्या हरकती ती उचलते, आणि मग गाणं तिचं होत नाही.

प्रश्न: कानबाईच्या (श्रावणात बसणाऱ्या खान्देशी देवीच्या) पारंपरिक चालीवर नवे शब्द लिहून गायलो. यूट्यूबवर टाकताच दुसऱ्याच कोणाचा कॉपीराइट दावा आला. चाल तर आजीच्या आजीपासूनची आहे! (एक वाचक, शहादा)

उत्तर: पारंपरिक चालीचा मालक कोणीच नाही, ती तुमची नाही तशी दावा करणाऱ्याचीही नाही. पण तुमचे नवे शब्द, तुम्ही जोडलेला वेगळा अंतरा आणि तुमचं रेकॉर्डिंग, हे तुमचं. समोरच्याने त्याच चालीवरचं आपलं रेकॉर्डिंग कंटेंट आयडीत, म्हणजे जुळणारी गाणी शोधणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेत, टाकलेलं असतं. यंत्राला आवाजाशिवाय सूरही ओळखता येतात, आणि कानबाईची चाल त्याला त्या माणसाची वाटते.

दाव्याचं पान उघडा आणि कोणता तुकडा जुळला, कितव्या सेकंदापासून, ते आधी बघा. फक्त सूर जुळला असेल तर आक्षेप नोंदवा आणि साध्या शब्दांत लिहा: चाल पारंपरिक आहे, गायन आणि वादन स्वतःचं आहे, शब्द स्वतःचे आहेत. दावा आल्यापासून पाच दिवसांच्या आत आक्षेप घेतलात तर पहिल्या दिवसापासूनचं उत्पन्न बाजूला राखून ठेवलं जातं. उशीर केला तर आक्षेप घेतल्या दिवसापासूनचं. समोरच्याकडे उत्तराला ३० दिवस असतात. तो गप्प बसला तर दावा सुटतो. त्याने दावा कायम ठेवला तर अपील करता येतं, तिथे त्याला सात दिवस मिळतात. पण अपील हरलं आणि त्याने व्हिडिओ काढायला लावला तर चॅनेलवर स्ट्राइक (नियमभंगाचा ठपका) बसतो. म्हणून अपील तेव्हाच करा, जेव्हा वादन खरोखर तुमचं आहे.

जुळलेला तुकडा ढोलकीचा किंवा कीबोर्डचा असेल तर गोष्ट वेगळी. अरेंजरने (वाद्यांचा साज बांधणाऱ्याने) बाजारात मिळणारा तयार लूप (पुन्हापुन्हा वाजणारा तुकडा) वापरलेला असतो, तोच लूप शंभर गाण्यांत असतो. असं गाणं तुम्ही स्वतः वितरकाकडून (गाणी यूट्यूब, स्पॉटिफायवर पोचवणाऱ्या कंपनीकडून) टाकताना कंटेंट आयडीची खूण करू नका. तुमच्याच दाव्यांनी दुसऱ्या भाऊबंदांची गाणी अडतील, आणि नियमाप्रमाणे जे सर्वस्वी आपलं नाही त्यावर दावा लावताच येत नाही. कानबाई आणि आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) गाण्यांना शक्यतो खरी ढोलकी, खरी टाळी वापरा. ऐकायलाही फरक पडतो.

याच संदर्भात धरणगावहून एक छोटा प्रश्न आहे: बहिणाबाईंच्या कवितेला चाल लावून गायिकेला देता येईल का? येईल. बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या, कविता पुस्तकरूपाने १९५२ साली आल्या; कवीच्या निधनानंतर छापलेल्या कृतीचे ६० वर्षांचे हक्क २०१२ अखेर संपले. शब्द मोकळे आहेत. मात्र त्या शब्दांना दुसऱ्या कोणी लावलेली चाल मोकळी नाही, तिचा संगीतकार वेगळा आणि त्याची मुदतही वेगळी. ना. धों. महानोरांच्या शब्दांबाबत असं समजू नका. ते २०२३ साली गेले, म्हणजे त्यांचे हक्क २०८३ अखेरपर्यंत आहेत.

प्रश्न: माझं हळदीचं गाणं दोन वर्षं प्रत्येक लग्नात डीजेवर वाजतंय. रॉयल्टी कुठे मागायची? (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर: लग्नातून ती मिळणार नाही. धार्मिक विधी, आणि त्यात लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले समारंभ, यांत गाणं वाजवणं कायद्याने हक्कभंगातून वगळलेलं आहे. पैसे येतात ते हॉटेल, सार्वजनिक कार्यक्रम, रेडिओ, दूरचित्रवाणी आणि ऑनलाइन ऐकण्यातून, आणि ते गोळा करण्यासाठी आयपीआरएस या सोसायटीचं सदस्य व्हावं लागतं. १९६९ साली स्थापन झालेली ही संस्था गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांची आहे; गायकांच्या हक्कांची संस्था वेगळी. तुम्ही लिहिता आणि गाताही, म्हणजे तुम्हाला दोन्ही दारं वाजवायची आहेत.

सदस्य होताना पॅन, पत्ता, बँकेचा तपशील आणि प्रसिद्ध झालेल्या गाण्यांची यादी लागते. पण नुसतं सदस्य होऊन पैसे येत नाहीत, प्रत्येक गाणं नोंदवावं लागतं. आणि इथेच सगळ्यात जास्त गाणी हरवतात: एका ठिकाणी नाव ‘पाटील’ इंग्रजीत एका स्पेलिंगने, दुसरीकडे दुसऱ्या, तिसरीकडे नुसतं टोपणनाव. वितरकाच्या फॉर्ममध्ये गीतकार आणि संगीतकाराचा रकाना रिकामा सोडला की गाणं वाजतं आणि पैसे कोणाचे ते कळत नाही. नाव सगळीकडे एकच ठेवा. रेकॉर्डिंगला आयएसआरसी हा बारा चिन्हांचा ओळखक्रमांक असतो, तो प्रत्येक आवृत्तीला वेगळा. तुमच्या आवाजातलं गाणं आणि गायिकेच्या आवाजातलं, यांना एकच क्रमांक देऊ नका.

आणि अपेक्षा थोडी जमिनीवर ठेवा. स्पॉटिफायवर गेल्या बारा महिन्यांत एक हजारदा न ऐकलेल्या गाण्याला २०२४ पासून पैसे मिळत नाहीत. यूट्यूबवर जाहिरातींचे पैसे मिळायला एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास पाहिलं जाणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सची एक कोटी दृश्यं लागतात. डीजेवर गाजलेल्या गाण्याचा खरा फायदा तुम्हाला मिळणाऱ्या कार्यक्रमांच्या सुपाऱ्यांत आहे. त्यासाठी गाणाऱ्या गायिकेपेक्षा तुमचं नाव लोकांना कळलं पाहिजे, म्हणून व्हिडिओच्या पहिल्या काही सेकंदांत आणि वर्णनाच्या पहिल्या ओळीत ‘शब्द, चाल’ म्हणून तुमचं नाव घालण्याची अट करारात लिहा. नाव लावून घेण्याचा हक्क मालकी विकल्यावरही तुमचाच राहतो. नाव गाळलं तर आधी लेखी निरोप द्या, स्क्रीनचे फोटो तारखेसह ठेवा. खटल्याची वेळ आलीच तर तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या न्यायालयात दाखल करता येतो, मुंबईच्या खेपा घालाव्या लागत नाहीत.

प्रश्न: गाणं चोरीला जाऊ नये म्हणून नोंदणी सक्तीची आहे का? स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाठवलं तर चालतं म्हणतात. (एक वाचक, पारोळा)

उत्तर: सक्तीची नाही, गाणं लिहून किंवा रेकॉर्ड होऊन स्थिर झालं की हक्क जन्मतो. स्वतःला पाठवलेलं पाकीट हा कच्चा पुरावा आहे, त्यावर विसंबू नका. पहिल्या गुणगुणण्याची व्हॉइस नोट, डमी बोलांची वही, खाडाखोड, तारखेसह पाठवलेले निरोप, हे सगळं जपलं तर ते जास्त बोलतं. नोंदणी करायचीच तर कॉपीराइट कार्यालयाच्या संकेतस्थळावर चौदा क्रमांकाचा फॉर्म भरायचा. शब्द आणि चाल या वेगळ्या कृती आहेत, प्रत्येकी ५०० रुपये. डायरी क्रमांक (अर्जाचा क्रमांक) मिळाल्यावर आक्षेपांसाठी ३० दिवस थांबावं लागतं. प्रत्येक गाण्याला हे करणं परवडत नाही. जे गाणं मोठ्या कंपनीला द्यायचं आहे तेवढं करा.

चोरीपेक्षा जास्त भांडणं आपसांतली असतात. गाणं संपतं त्याच दिवशी, चहाच्या टेबलावर, एका कागदावर वाटे लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. शब्दांचे ५० टक्के, चालीचे ५०. शब्द दोघांचे असतील तर प्रत्येकी २५. अरेंजरने फक्त साज चढवला असेल तर चालीत त्याचा वाटा नसतो, त्याला त्याचं मानधन. पण त्याचा सुरुवातीचा म्युझिक पीसच लोक गुणगुणत असतील तर त्याने वाटा मागणं चुकीचं नाही, आणि ते आधी बोललेलं बरं.

प्रश्न: कोणतं गाणं स्वतःसाठी ठेवायचं आणि कोणतं द्यायचं? एक गायिका ‘माझ्यासाठी राखून ठेव’ म्हणून वर्षभर रेकॉर्डच करत नाही. (एक वाचक, नंदुरबार)

उत्तर: ज्या गाण्याचा जीव तुमच्या उच्चारात आहे ते ठेवा. ज्याचा जीव सुरात आहे ते तुमच्याहून चांगल्या गळ्याला द्या, मन मोठं करून. हे ओळखायचं कसं? गाणं दुसऱ्याकडून, तुमचा स्क्रॅच न ऐकवता, नुसत्या बोलांवरून आणि पेटीवरून गाऊन घ्या. तरी ते उभं राहिलं तर ते द्यायचं गाणं.

राखून ठेवण्याला मुदत असू द्या. आपल्याकडे गाणं हंगामाशी बांधलेलं असतं: लग्नसराईचं गाणं तुळशीच्या लग्नाआधी तयार हवं, आणि कानबाई नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी बसते, म्हणजे तिचं गाणं आषाढातच वितरकाकडे गेलं पाहिजे, तीन-चार आठवडे आधी. ‘बघू पुढे’ म्हणत एक हंगाम गेला की वर्ष गेलं. म्हणून ६० ते ९० दिवसांसाठी राखून ठेवतो असं लेखी द्या, थोडी रक्कम घ्या, आणि लिहा की मुदतीत रेकॉर्डिंग झालं नाही तर रक्कम परत नाही, गाणं मोकळं. मुदत संपायच्या आठवडाभर आधी तिला एकदा आठवण करा. ती नाही म्हणाली तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गायिकेला तीन स्वर पाठवायला सांगा.